ज्वारीचा पासंग

केनवडच्या जत्रेत एका वर्षी बॉक्सिंगचा एक सामना झाला. त्यात एका खेळाडूच्या अंगावर अठरा किलो ज्वारी बांधलेली होती. ती त्याने चोरून बांधली नव्हती. गावाने सर्वांसमक्ष काट्यावर तोलून, न्यायाची गोष्ट म्हणून, त्याला बांधायला लावली होती. तो खेळाडू माझा मामा.

बांगलादेशच्या लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी मामा फौजेतून पेन्शनवर घरी आला होता. वाशीमचा जिल्हा व्हायला तेव्हा बराच अवकाश होता. आमचा सगळा भाग अकोल्यात मोडायचा. कॉलेजच्या सुट्टीत मी मामाकडे राहायचो, म्हणून पुढचे सगळे जवळून पाहायला मिळाले.

फौजी म्हटल्यावर गावाने दणकट माणसाची अपेक्षा केली होती. मामा बुटका होता आणि तुरीच्या वाळक्या तुऱ्हाटीसारखा बारीक. पलटणीत तो बॉक्सिंग खेळायचा, तेही हलक्या वजनाच्या गटात. असे गट असतात हे गावात कोणाला माहीत नव्हते. बॉक्सिंगही कोणी पाहिले नव्हते. मामा रोज सकाळी खळ्यावर जायचा, बाभळीला टांगलेल्या कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, पोत्यावर बुक्क्या मारायचा आणि मग पोते सोडून नुसत्या हवेत मारायचा. रस्त्याने शेतात जाणाऱ्या बाया थांबून पाहायच्या. एका म्हातारीने विचारले, "काहून रे बापा, माशा मारून राह्यला काय?"

"सराव हाये, मावशी."

"मंग एखादी तरी मार. सकाळपासून एक बी मेली नाई."

हे ऐकायला पाचसहा पोरे नेमाने हजर असत. हळूहळू तीही मुठी आवळून मामाच्या मागे उभी राहू लागली. मामाने त्यांना पाय कसे ठेवायचे ते शिकवायला सुरुवात केली आणि त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. गावात बॉक्सिंग शिकवायचे. त्यासाठी छप्पर आणि पक्की जमीन हवी होती. पावसाळ्यात खळ्यावर काळ्या मातीचा असा चिखल होई की पाय उचलला तर चप्पल खालीच राही. पक्की फरशी असलेली रिकामी जागा गावात एकच होती. धान्याच्या व्यापाऱ्याचे, म्हणजे शेठजींचे, बाजाराजवळचे जुने गोदाम. नवे गोदाम बांधल्यापासून त्यात सरकीच्या वासाशिवाय काही उरले नव्हते.

शेठजी जैन होते. दिवस मावळायच्या आत जेवत. रोज सकाळी मुंग्यांना साखर टाकत. काट्याला हात लावण्याआधी चपला काढून ठेवत आणि पारडी पूर्ण थांबल्याशिवाय वजन सांगत नसत. घाईतला शेतकरी म्हणे, "झालं ना शेठजी, बोला." शेठजी म्हणत, "त्याले थांबू दे. तो बोलला का मी बोलतो." त्यांच्या मालाच्या भावावरून लोक कुरकुर करत. काट्यावरून कोणी कधी केली नाही.

मामा गोदाम मागायला गेला तेव्हा मी बरोबर होतो.

"माह्या गोदामात मानसानं मानसाले मारावं आन् म्या त्याले जागा द्यावी?" शेठजी म्हणाले. "लोकं काय म्हनतीन? मले सोताले काय वाटन?"

"मारामारी नाई शेठजी, खेळ हाये. याच्यात नियम हायेत. बरोबरीचेच दोघं समोरासमोर उभे करतात."

"बरोबरीचे म्हंजे? भाऊ-भाऊ?"

"वजनानं बरोबरीचे. खेळाच्या दिवशी सकाळी दोघायचं वजन करतात. जास्त भरला तर खेळू देत नाईत."

शेठजींनी हातातली सुपारी डब्यात परत ठेवली. "काट्यावर करतात?"

"काट्यावर. अंगावर फक्त चड्डी ठेवून."

"बारदानाशिवाय," शेठजी म्हणाले. बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचे वजन. ते वजा करणे हा त्यांच्या धंद्यातला रोजचा हिशोब. "हे मले कोनी सांगतलंच नव्हतं." काट्याकडे पाहून ते म्हणाले, "असं कर. मले एक सामना दाखव. बरोबरीचा. पाहिल्यावर मले ते मारामारी वाटली तर गोदाम नाई. खेळ वाटला तर चावी तुही."

अडचण अशी की मामासमोर उभा राहील असा दुसरा बॉक्सर आमच्याकडे मेडशीपासून रिसोडपर्यंत शोधूनही मिळाला नसता.

तो जत्रेत आपणहून आला. त्या वर्षी जत्रेच्या मैदानात पाळणा आणि मौत का कुआँ यांच्यामधल्या जागेत एक नवी कंपनी उतरली. तंबू, फळ्यांचा उंच चौथरा, त्यावर ताडपत्री, चारी बाजूंनी दोरखंड. भोंग्यावरून मॅनेजर ओरडायचा की आमच्या चॅम्पियनसमोर तीन राऊंड उभे राहा आणि पितळी हंडा घेऊन जा. चॅम्पियन उत्तरेकडचा कुठला तरी होता. रुंद खांद्यांचा, शांत चेहऱ्याचा. तो हे काम पगारावर करायचा आणि खेळ नसेल तेव्हा तंबूमागे बसून कांदा फोडून भाकरी खायचा.

पहिल्या दिवशी गावातले तिघे चढले. तिघेही दुसऱ्या राऊंडच्या आत उतरले. लोकांना मजा आली. शेठजींना आली नाही. जत्रेच्या कमिटीत असल्यामुळे त्यांना पुढची खुर्ची होती आणि पोते पाहून वजन सांगण्याची त्यांच्या डोळ्याला सवय होती.

"हा मानूस," मॅनेजरकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, "हात वर केलेल्यातून हलके येचून राह्यला."

खरेच होते. वीसेक हात वर होत. मॅनेजर त्यांतला एखादा किरकोळ माणूस निवडायचा. तालमीतल्या जाडजूड गड्याने हात वर केला की म्हणायचा, "आप कल आइए, पहलवान." दुसऱ्या दिवशीही तो त्याला उद्याच बोलवायचा.

शेठजी तंबूमागे गेले. त्यांनी मॅनेजरला वजनाचे विचारले. मॅनेजर हसला. "सेठजी, यह बॉक्सिंग है, शादी नहीं कि जोड़ी मिलाएँ."

"जोडी आमी बैलाची बी पाहतो," शेठजी म्हणाले. "आन् जागा कमिटीची हाये."

मॅनेजरने हसू आवरले. त्याच वेळी मामा पुढे आला आणि म्हणाला, मी उतरतो. शेठजींनी मामाकडे पाहिले, चॅम्पियनकडे पाहिले आणि निकाल दिला, "उद्या दुपारी दोघंबी काट्यावर या. वजन बरोबर होईन तरच सामना. तोच सामना मी पाहीन, आन् त्याच्यावरच गोदामाचं ठरन." मामाची स्थिती सोपी नव्हती. वजन बरोबर होणार नाही हे डोळ्यांनी दिसत होते. पण शेठजी पाहतील असा दुसरा सामना मिळणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेठजींच्या दुकानासमोर जत्रेपेक्षा जास्त गर्दी होती. शेठजींचा काटा म्हणजे तुळईला टांगलेली लोखंडी दांडी आणि साखळ्यांनी लटकणारी दोन मोठी पारडी. एकेका पारड्यात भरलेले पोते सहज मावायचे. एका पारड्यात चॅम्पियन मांडी घालून बसला, दुसऱ्यात मामा. शेठजींनी खालचा टेका काढला. चॅम्पियनचे पारडे दणकन जमिनीला लागले आणि मामा वर गेला.

"मामा, वरून पाळना दिसते काय?" गर्दीतून कोणी विचारले.

"पार पोहरादेवीचं देऊळ दिसते," दुसरा म्हणाला.

मामाने साखळी घट्ट धरली. शेठजींनी ज्वारीची टोपली मागवली. धान्य तोलताना पारडे हलके भरले तर त्यात पासंग टाकायचा, हे व्यापाऱ्याचे रोजचे काम. त्यांनी मामाच्या पारड्यात, मामाच्या मांडीभोवती, ज्वारी ओतायला सुरुवात केली. टोपलीमागून टोपली. मामा हळूहळू खाली येऊ लागला. तो आणि चॅम्पियन एका उंचीवर आले, तरी शेठजी थांबले. पारडी थोडी हलत होती. ती स्थिर झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्वारी वेगळी तोलली तेव्हा अठरा किलो भरली.

मामा अंगावरची ज्वारी झटकत उतरला. "हे झालं काट्याचं, शेठजी. पन सामन्यात हे अठरा किलो कुठी राहतीन?"

"तुह्या अंगावर."

मामा हसला. मग त्याच्या लक्षात आले की दुसरे कोणी हसत नाही.

"शेठजी, अंगातलं वजन येगळं आन् अंगावरचं येगळं. त्याचे अठरा किलो त्याच्या बुक्कीत हायेत. माहे माह्या छातीवर लटकतीन."

"काट्याले आतलं-बाहेरचं समजत नाई. फौजेत पाठीवर पिट्टू बांधून चालत नव्हता काय तू?"

"चालत होतो. पन तवा कोनी बुक्क्या मारत नव्हतं."

लोकांना मामाचे बोलणे पळवाट वाटले. न्याय डोळ्यांसमोर झाला होता. पारडी बरोबर होती. मॅनेजर तर फारच खूश झाला. "बिलकुल इन्साफ़ की बात है, सेठजी!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचा धंदा होता, त्याला कळत होते. त्या गर्दीत मामाचे म्हणणे समजलेली माणसे बहुधा तीनच होती. मॅनेजर, मामा आणि चॅम्पियन. चॅम्पियनने मामाकडे पाहून मान हलवली.

घरी येताना मी म्हटले, "मामा, नाई म्हना ना. कायले असं खेळायचं?"

"नाई म्हनलं तर गोदाम गेलं. हो म्हनलं तर इज्जत जाईन. इज्जत येते वापस. गोदाम नाई येत."

ज्वारीचा अंगरखा मामीने शिवला. मामी गावात वाकळ शिवण्यासाठी प्रसिद्ध होती. तिने जुन्या गादीची खोळ घेतली, दुहेरी केली, उभ्या नळ्या पाडल्या आणि त्यांत ज्वारी भरली. पुढे पोटावर, मागे पाठीवर. खालची कड मात्र तिने दाभणाने सुतळी घालून शिवली, पोत्याचे तोंड शिवतात तशी.

"ही अशी काहून?" मामाने विचारले.

"ज्वारी शेठजीची हाये. वापस द्या लागन का नाई? एक टोक वढलं का सगळी मोकळी होते."

मामाने अंगरखा घालून अंगणात चार पावले टाकली, मग सरावाच्या पवित्र्यात उडी मारायला गेला. उडी झाली नाही. मामी दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती.

"काय झालं वं?"

"काई नाई. गाभन म्हशीवानी दिसून राह्यले तुमी."

सामना दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ठेवला होता, कारण शेठजींना सूर्यास्ताच्या आत घरी जेवायला जायचे होते. ऊन होते म्हणून तंबूच्या कनाती वर बांधल्या होत्या आणि त्यामुळे तिकीट न काढलेल्यांनाही सगळे दिसत होते. मॅनेजरने त्याबद्दल बरीच आदळआपट केली. माझ्या घड्याळाला सेकंदकाटा होता, म्हणून घंटा माझ्याकडे आली. शाळेतला रुळाचा तुकडा आणि एक खिळा. मी दोरखंडाला टेकून बसलो होतो.

चॅम्पियनच्या पायात बूट होते. मामाचे कॅनव्हासचे बूट कधीच फाटले होते. तो अनवाणी उतरला. अंगरखा पाहून बाहेरगावच्या लोकांनी चौकशी केली, तेव्हा आमच्या गावकऱ्यांनी त्यांना अभिमानाने समजावून सांगितले की इथे न्यायाचे काम असते.

पहिल्या राऊंडला चॅम्पियनने नेहमीप्रमाणे पोटात बुक्की मारली. पोते गाडीतून खाली टाकल्यासारखा आवाज झाला. मामा जागचा हलला नाही. चॅम्पियनने पुन्हा मारली. पुन्हा तोच आवाज. बुक्की ज्वारीत रुतत होती आणि बाहेर येत होती. लोक प्रत्येक आवाजाला "अजून एक पोतं!" म्हणून ओरडत होते. मग चॅम्पियन डोक्याकडे वळला. मामाने दोन्ही हातमोजे तोंडासमोर धरले आणि खुंटासारखा उभा राहिला. त्याला दुसरे काही करता येत नव्हते. एकदा त्याने पुढे होऊन मारायचा प्रयत्न केला, तेव्हा हात पोहोचण्याआधी ज्वारी पुढे गेली आणि तिच्यामागे मामा.

मी घंटा वाजवली. चॅम्पियन आपल्या कोपऱ्यात मनगट चोळत बसला. मामा घामाने निथळत होता.

"अजून एक राऊंड असा गेला," तो मला म्हणाला, "तर त्यानं नाई मारलं तरी मी पडतो."

शेठजी खुर्चीत पुढे सरकून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आदल्या दिवशीचे समाधान नव्हते.

दुसऱ्या राऊंडला चॅम्पियनने मामाला जवळ ओढून कमरेवर मारायला सुरुवात केली. अशा एका झटापटीत त्याच्या हातमोज्याच्या नाडीत मामीच्या सुतळीचे टोक अडकले. त्याने हात मागे घेतला.

"वढू नका!" बायांच्या बाजूने मामी ओरडली. "अहो, वढू नका!"

सुतळी सरसर सुटत गेली. मामाच्या कमरेखालून चारी बाजूंनी ज्वारी ओतू लागली. क्षणभर दोघेही थांबून खाली पाहत राहिले. ताडपत्रीवर पिवळट दाण्यांचा थर पसरला. मामाने अंग झटकले, तशी पाठीवरची ज्वारीही आली.

शेठजी उभे राहिले. "थांबवा! तोल बिघडला! वापस तोला लागन!"

"राउंड चालू है, सेठजी!" मॅनेजर ओरडला. आता बुक्की अडवायला ज्वारी उरली नव्हती आणि मॅनेजरला तेच हवे होते. त्याने चॅम्पियनला हाताने खूण केली. चॅम्पियन जोरात पुढे आला, बुटांचे तळवे दाण्यांवरून सटकले आणि तो बसला. उठला, पवित्रा घेतला, पुढे आला आणि पुन्हा बसला.

मामा मात्र चालत होता. पाय न उचलता, तळवा दाण्यांतून घासत. अंगणात वाळत घातलेले धान्य खालवर करायला बायका-माणसे पायाने ओळी पाडत फिरतात, अगदी तसा. गावाने ती चाल ओळखली.

"मामा वाळवन फिरवून राह्यला!" कोणी ओरडले आणि तंबूत एकच हशा उसळला. मामा फिरत होता आणि जाता जाता चॅम्पियनच्या कपाळाला डाव्या हाताने हलकेच टिपत होता. खळ्यावर हवेत मारलेल्या सगळ्या बुक्क्या आता कुठेतरी लागत होत्या.

दुसरा राऊंड संपल्यावर जे झाले ते कंपनीच्या नियमात नव्हते. मॅनेजरने ताडपत्री झाडायला झाडू मागवला. बायांच्या बाजूने आरडाओरड झाली.

"धान्याले झाडू लावता?"

"आन् बूट काढा त्याचे! अन्नावर बूट घालून नाचून राह्यला!"

मॅनेजर काही बोलणार तोच चॅम्पियनने त्याला हाताने थांबवले. तोही शेतकऱ्याच्या घरचा होता. त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट दोरखंडाबाहेर ठेवले, दाण्यांना हात लावून कपाळाला लावला आणि बायांच्या दिशेने हात जोडले. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याला मिळाल्या. झाडू परत गेला. शेठजी अजून फेरतोलाची मागणी करत होते, पण तोपर्यंत माझे घड्याळ पुढे सरकले होते आणि मी घंटा वाजवली.

तिसरा राऊंड दोघे अनवाणी खेळले. रिकामा अंगरखा मामाच्या अंगावर फडफडत होता. चॅम्पियनला आता उभे राहता येत होते आणि तो मन लावून खेळत होता. मामाही. तो आत शिरत होता, टिपत होता आणि बुक्की येईपर्यंत तिथून निघालेला असायचा. प्रत्येक बुक्कीला ओरडणारे लोक हळूहळू गप्प झाले. काय चालले आहे ते त्यांना दिसू लागले होते. एकदा मामाला उशीर झाला. चॅम्पियनची एक सरळ बुक्की जबड्यावर बसली आणि मामा ज्वारीत बसला. मॅनेजर आकडे मोजू लागला. मामा गुडघ्यावर आला, चेहऱ्याला चिकटलेले दाणे पुसले आणि उठला. मी घंटा वाजवली तेव्हा तो उभा होता.

हंडा मिळाला. लोकांचे तेवढ्याने भागले नाही. मामा जिंकला, चॅम्पियन दोनदा पडला, असे म्हणत ते चौथऱ्याभोवती जमले.

"तो घसरला," मामा म्हणाला. "घसरनं म्हंजे पडनं नाई. बुक्कीनं मी पडलो. एकदा. टिकलो, पन जितलो नाई."

शेठजी गर्दीतून पुढे आले. लोकांनी वाट दिली, कारण गोदामाचे सगळ्यांना माहीत होते.

"सामना बरोबरीचा झाला नाई," शेठजी म्हणाले.

"नाई झाला," मामाने कबूल केले.

"मंग म्या गोदाम कायच्यावर द्यावं?"

मामा हंडा हातात धरून उभा होता. शेठजींचे बोलून झालेले नव्हते. त्यांना काही तरी सलत होते. "मले एक सांग. माह्या काट्यानं बरोबर होता तवा तू खुंटावानी मार खाल्ला. अठरा किलोनं कमी झाला, तवा खेळला. हे उलटं कसं?"

उत्तर चॅम्पियनने दिले. तो चौथऱ्याच्या कडेला पाय सोडून बसला होता आणि बोटांमधले दाणे काढत होता. "सेठजी, मेरा वज़न मेरे हाथ में है. इनका तो आपने पेट पर बाँध दिया था. इनके बराबर का आदमी लाइए, फिर देखिए. मैं इनके बराबर का नहीं हूँ."

मॅनेजरने त्याच्याकडे रागाने पाहिले. शेठजींनी मात्र सूर्याकडे पाहिले. जेवायची वेळ होत आली होती. "उद्या सकाळी काट्यावर या," ते मामाला म्हणाले. "पोरं घेऊन. आन् खाऊन येऊ नका म्हना त्यायले."

बायांनी ज्वारी हातांनी गोळा केली आणि सुपाने पाखडली. शेठजींनी ती कबुतरांना टाकायला सांगितली. कोणीतरी विचारले, तोलायची का? ते नको म्हणाले. त्यांच्या दुकानातून न तोलता गेलेले धान्य गावाने त्याआधी पाहिले नव्हते.

सकाळी मामा पोरे घेऊन गेला, तेव्हा गोदामाचे दार उघडे होते, फरशी झाडलेली होती आणि काटा दुकानातून आणून आतल्या तुळईला टांगलेला होता. शेठजींनी दोन पोरांना दोन पारड्यांत बसवले. एक पारडे किंचित खाली राहिले. त्या पोराने येताना घरून अर्धी भाकरी खाल्ली होती, ते विचारल्यावर निघाले.

"हे भाकरीचं बारदान हाये," शेठजी म्हणाले. "उद्या ये."

"मूठभर ज्वारी टाका ना शेठजी तिकडं," दुसरा पोरगा म्हणाला. त्याला आजच खेळायचे होते.

शेठजींनी ज्वारीची टोपली स्वतः उचलली, गोदामाबाहेर नेऊन ठेवली आणि परत येऊन तिसऱ्या पोराला पारड्यात बसवले. पारडी हलली, थांबली, बरोबर राहिली. ते एवढे दोघे सोडले तर त्या दिवशी कोणाची जोडी जमली नाही. पुढे त्या गोदामात वजनाच्या गटांना पोरांनी आपली नावे दिली. अर्धे पोते, पाऊण पोते आणि भरले पोते. भरल्या पोत्यात बरीच वर्षे कोणी नव्हते. मामा स्वतःला अर्धे पोते आणि वर एक टोपली म्हणवून घ्यायचा.

पहिली जोडी फरशीवर उभी राहिली. मामाने दोघांच्या मुठींवर फडके गुंडाळले. शेठजी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जत्रेत पाहिले तेवढे पुरे, आता मारणे डोळ्यांनी पाहणार नाही, एवढे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. एक हात काट्याच्या साखळीवर होता. मी घंटा वाजवली. पोरांचे पाय फरशीवर घासू लागले आणि मामा मोठ्याने सूचना देऊ लागला.

थोड्या वेळाने शेठजींनी मान न वळवता मला विचारले, "काय करून राह्यले ते?"

"फिरून राह्यले, शेठजी."

"लागलं काय कोनाले?"

"अजून नाई."

"बरोबर दिसते ना? कोनी जड नाई ना पडून राह्यला?"

"बरोबर हायेत."

शेठजींनी साखळी सोडली. मग भिंतीकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, "मंग सांगत राह्य. बंद कायले केलं?"